ताईचा लांब सूर
मधलीला सगळे मधलीच म्हणत. वर ताई, खाली धाकटी. वडील वाद्यं दुरुस्त करायचे, त्यामुळे घरात मुलींपेक्षा व्हायोलिनी जास्त. मधलीचा हात तिघींत गोड. शहरातल्या वाद्यवृंदाने तिला निवडीसाठी बोलावलं, नेमका त्याच सकाळी आईला ताप चढला.

"तू बस गं आईजवळ, मी कळवून येते," म्हणून ताई गेली आणि मधलीच्या जागी स्वतःच वाजवून, नोकरी घेऊन परतली. मधलीच्या हाती आला व्हायोला, व्हायोलिनचा घोगरा थोरला भाऊ. घरच्या चौकडीत तेवढीच जागा उरली होती. धाकटी चेलोवर, पियानोवर ताईचे यजमान.

ताई निवृत्त झाली. निरोपाच्या मैफलीसाठी तिने गेल्या शतकाच्याही आधीची, प्रेमात बुडालेल्या कुणीतरी लिहिलेली पियानो चौकडी, म्हणजे चौघांनी मिळून वाजवायची रचना, निवडली. त्या रचनेच्या संथ भागात मुख्य सुरावट व्हायोलाची. व्हायोलिनने खाली एकच सूर धरून ठेवायचा, एका गजात, म्हणजे गज मध्ये न उलटवता.

"रेंगाळू नकोस हं," तालमीत ताई म्हणाली. "माझा खांदा दुखतो. आणि लोक काही तुला ऐकायला येत नाहीयेत."

"बरं," मधली म्हणाली, आणि तालमीत शहाण्यासारखी वाजवत राहिली.

मैफलीत मात्र तिने चादरीची एकेक सुरकुती काढावी तसा एकेक सूर ताणला. ताईचा गज संपत चालला. तिने भुवया उडवल्या, मधलीने डोळे मिटून घेतले. सुरावट जिची, तिच्या मागे बाकीच्यांनी जायचं, हा नियम ताईनेच घालून दिलेला. भावोजी तिच्यासाठी थांबत वाजवू लागले, धाकटीही. गज बोटभर उरला. सूर थरथरला, खरखरला आणि तुटला. तो ओरखडा शेवटच्या रांगेपर्यंत गेला. मधली वाजवतच होती.

शेवटचा भाग कसाबसा उरकून सगळे आत आले.

"मुद्दाम केलंस! माझ्या निरोपाला!"

"हो."

"इतक्या वर्षांनी?"

"आधी कधी दिलीस मला सुरावट?"

धाकटी रडकुंडीला आली. "मधले, माफी माग ना गं."

"मागेन की. आधी थोरलीला मागू दे."

ताई भिंतीकडे तोंड करून बसली. बाहेर टाळ्या थांबेनात, ती उठेना. मग मधलीच मंचावर गेली आणि ताईच्या वाट्याचंही वाकून आली.