मागचा माणूस मीच पुसला

दोस्तहो, कॉलेज सोडल्यापासून मी श्रीगोंद्यात फोटो स्टुडिओत आहे. पंधरा दिवसांपूर्वी रस्त्यावर मला आवडणाऱ्या मुलीचा हसतानाचा फोटो काढला. मागून उसाच्या बैलगाडीवरचा माणूस ओरडला, "दादा, आमी बी आलो का?"

"आलात की!"

पण मला फोटोत फक्त ती हवी होती. गाडी, बैल, माणूस सगळं पुसलं. मूळ फोटोही उडवला, कार्ड साफ केलं.

आज त्या गाडीवानाची बायको आली. "मालक गेलं. उद्या दहावा हाय, हार घालाया एकबी फोटू न्हाई. तुमच्या फोटूत हाय म्हनलं हुतं."

मी उलट तिच्यावरच खेकसलो, "आधी नाही यायचं?"

त्या दिवशी इथल्या रस्त्यावर तुम्ही फोटो काढलेत का? मागची माणसं बघा. डोक्याला पिवळा टॉवेल, हसतोय.