काहूनबाईचे रोडगे

आईजवळ दोन हत्यारं होती, खुरपं आणि 'काहून', म्हणजे आमच्याकडचं 'का?'. खुरपं पर्समध्ये असायचं आणि 'काहून' जिभेवर. लग्नाला गेली तरी मांडवाबाहेरच्या कुंड्यांतलं गवत उपटून यायची. "वहिनी, शोभते का हे?" असं माझी आत्या चारचौघांत विचारायची. आई मान वर न करता म्हणायची, "काहून?" आत्याला उत्तर सापडेपर्यंत कुंडी साफ झालेली असे. गल्लीत तिचं नावच काहूनबाई पडलं होतं.

नागपुरातल्या आमच्या घराचं मागचं अंगण हे तिचं राज्य. तिथे वांगी होती, सांबार होता (कोथिंबिरीला कोथिंबीर म्हणणारा माणूस तिला पुण्याचा वाटे) आणि मधोमध एक संत्र्याचं झाड. संत्र्याला शेत लागतं, घरामागे येत नाही, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. "काहून?" म्हणत तिनं ते वाढवलं. फळं आली. इतकी आंबट की डोळे मिटावेत, पण तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

मग तिला कर्करोग झाला. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी बजावलं, मातीत हात घालायचा नाही, मातीत जंतू असतात. "अन् माणसाईत नसते का?" तिनं विचारलं. डॉक्टर हसले, मी नाही. घरी येऊन मी मागच्या दाराला कुलूप लावलं. झाडांना पाणी मी घालू लागले, तर ती खिडकीतून माझ्यावर ओरडायची, "अवं, त्याले आंघोळ घालून राहिली का? मुळाशी टाक पाणी!"

फाल्गुनात तिचा सत्तरावा वाढदिवस आला. तिला बागेत नेता येत नव्हतं, म्हणून मी आणि माझ्या मुलीनं बाग बैठकीत आणली. हिरवा गालिचा, प्लास्टिकच्या वेली, कागदी फुलपाखरं, टोपल्यांत सँडविच आणि साखरेच्या फुलांचा केक. पाहुणे वा वा करत होते. आई नवी साडी नेसून बाहेर आली, वेलीवरच्या एका गुलाबाचा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"हे फुलं मी मेल्यावर फोटोले लावजो. आत्ता मी जित्ती आहो. चावी दे."

"आई, डॉक्टर नाही म्हणाले आहेत."

"काहून?"

"तुला काही झालं तर?"

"झालंच आहे ना वं. मातीपासून दूर ठेवून काय वाचवून राहिली तू?"

मला रडू आलं आणि रागही आला. पण तिचा पुढे केलेला हात काही मागे जाईना. मी चावी दिली.

संत्रं फुलावर होतं. तिनं झाडाखाली सतरंज्या घालायला लावल्या, गोवऱ्या पेटवायला लावल्या आणि त्यांच्या निखाऱ्यांवर कणकेच्या गोळ्यांचे रोडगे भाजायला लावले. भाजीची वांगी स्वतः तोडली. पाहुण्यांना फर्मान निघालं, आधी गवत उपटायचं, मग ताट मिळेल. आत्यासुद्धा पदर खोचून वाकली. आई मात्र सतरंजीवर बसलीच नाही. नव्या साडीनिशी सरळ मातीत बसली, तूप लावलेला रोडगा मोडला आणि राखेचे हात तसेच साडीला पुसले. त्या आजारपणात मी तिला इतकं पोटभर जेवताना दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

दिवाळीच्या आधी ती गेली. मातीनं नव्हे, आजारानंच. तरी काहींनी बोट माझ्याकडे केलं. करू देत. चावी दिल्याचं मला एक दिवसही वाईट वाटलेलं नाही.

पुन्हा फाल्गुन आला. मी झाडाखाली सतरंज्या घातल्या, गल्लीला बोलावणं धाडलं. सकाळीच आत्याचा फोन आला.

"वर्षश्राद्ध व्हायचं आहे अजून, अन् वाढदिवस करून राहिली तू? शोभते का वं?"

माझ्या हातात आईचं खुरपं होतं. मी म्हटलं, "काहून?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"भाजीत सांबार जास्त टाकजो," आत्या म्हणाली. "तिले तसंच लागे."