वैनगंगा जागेवरच आहे!

आमच्या पाण्याच्या ऑफिसातले किस्से छत्रीतून गळणाऱ्या पाण्यासारखे. कोपऱ्यात आपोआप साचतात, आणि पाय पडला की कळतं केवढे झाले!

पहिली गडबड अगदी चिमुकली होती. प्रिंटर करकरला, मी नेहमीसारखी दचकले आणि कागद पाहिला. पहिली ओळ डावीकडे, दुसरी जिथे पहिली संपली तिथून, तिसरी आणखी उजवीकडे. चौथी कागदाबाहेर!

ऑपरेटर घनश्याम मान तिरकी करून म्हणाला, "मॅडम, तुमचे आकडे घाट उतरून नदीवर चालले!"

त्याचं असं होतं. ऐंशीच्या दशकातली ती शेवटची वर्षं. भंडाऱ्याच्या आमच्या ऑफिसात दोन कॉम्प्युटर होते. मोठा युनिक्सवाला, एसीशिवाय न चालणारा. छोटा डॉसवाला, बॅटरीवरही तग धरणारा. नदीकाठच्या ठिकाणांहून फोनवर पाण्याची पातळी यायची, ती घालून पूर कुठे, केव्हा पोचेल ते प्रोग्रॅम सांगायचा. वीज गेली की मोठा बंद. म्हणून देशकर साहेबांचा हुकूम होता, "पावसाळ्याच्या आधी एकच प्रोग्रॅम दोन्हीवर सारखा चालला पाहिजे. पूर वीज पाहून येत नाही, बाई!"

मी कॉलेजातून नुकतीच आलेली. "हो साहेब" म्हटलं आणि घरी जाऊन जेवलेच नाही.

*

प्रोग्रॅम स्वतः काही करत नाही. फाईल उघड, वाच, नाव बदल, असं मशीनच्या सिस्टिमला सांगतो. गंमत ही, की तेच सांगणं या दोन मशीन वेगवेगळं ऐकत! मोठीच्या फाईलीत ओळ संपल्याची एकच खूण असायची, छोटीला दोन लागत, म्हणून ते आकडे घाट उतरले होते.

ताज्या आकड्यांच्या फाईलला जुन्या फाईलचं नाव द्यायला सांगितलं. मोठीने जुनी फाईल न विचारता उडवली. छोटी म्हणाली, या नावाची आधीच आहे, जमणार नाही.

घनश्याम म्हणाला, "थोरली जाऊ विचारत नाही, धाकटी जाऊ आयकत नाही. मधली आना मॅडम, तेव्हाच घर चालते!"

मी आणली. दोघींच्या वर एक थर लिहिला. प्रोग्रॅम त्याच्याशीच बोलणार, आणि तो जिला जसं कळतं तसं तिला सांगणार. मी त्याला इंटरफेस म्हणत होते. पण ऑफिसात शेवटपर्यंत नाव राहिलं 'मधली'.

*

एकदा धाकटीने अर्धीच फाईल वाचली आणि "संपली" म्हणून मोकळी झाली. खालची ठिकाणं गायब! तीनदा तपासलं, मग सापडलं. मशीनमध्ये प्रत्येक अक्षराला नंबर असतो; फाईलीत सव्वीस नंबरचं आलं, की डॉसच्या हिशोबाने फाईल तिथेच संपते.

साहेबांनी विचारलं, "सव्वीसलेच काहून थांबते हे?"

घनश्याम म्हणाला, "सरकारी मशीन आहे साहेब. सव्वीस जानेवारीची सुट्टी!"

*

श्रावणातली गोष्ट. वैनगंगेच्या पुलाजवळच्या कारध्याच्या चौकीचा आकडा अजून यायचा होता. थोरलीला विचारलं, तर काहीच आलं नसताना ती शून्य म्हणाली, आणि प्रोग्रॅमने ती पातळीच समजून छापलं: कारधा, पाणी शून्य!

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "बाई, वैनगंगा गेली कुठं?"

मी म्हटलं, "पाहते साहेब."

"तू नको. घनश्याम, सायकल घे अन् पुलावरून पाहून ये!"

तो गेला, भिजून आला. दारातूनच सलाम ठोकला. "आहे साहेब, जागेवरच आहे!"

सगळे हसले. मला हसू येईना. पाणी शून्य आणि माहिती शून्य, यात गावं वाहून जाण्याइतका फरक होता. त्याच दिवशी मधलीला नियम घातला. मशीन कोणतीही असो, उत्तर दोनच. आकडा, नाहीतर सरळ "नाही".

*

मशीन सुधारल्या, माणसं राहिली. कारध्याच्या चौकीवर पट्टी वाचायला दामोधरभाऊ होते. नदीतल्या खांबावर रंगवलेले आकडे, तीच पट्टी. पावसात घाटावर उतरता आलं नाही, की फोनवर म्हणायचे, "कालचंच लिहा न मॅडम, नदी काय इतकी बदलते?"

सगळा धीर गोळा करून मी म्हटलं, "भाऊ, दिसलं तर आकडा. नाही दिसलं तर नाही. तिसरं काही नको."

"म्हंजे म्या बी आता तुमच्या मशीनीतच का?"

"हो!"

"मंग मले बी एसी लावून द्या!"

*

आणि मग तो दुपारचा पाऊस. वीज गेली, थोरली बंद. धाकटी बॅटरीवर. वरच्या सगळ्या ठिकाणांचे आकडे चढे, कारध्याचा पत्ता नाही. पडद्यावर एकच ओळ: कारधा, नाही.

कलेक्टर ऑफिसला निरोप द्यायचा होता. साहेब म्हणाले, "कालचा आकडा टाक न, पोरी. ते वाट पाहून राहिले."

कालचा आकडा टाकला, तर निरोप जाणार होता 'धोका नाही'. खाली पवनीकडची गावं तो ऐकून घरातच बसणार होती. घनश्यामचं आसगाव तिकडंच.

"नाही साहेब," मी म्हटलं. माझाच आवाज ऐकून मी दचकले.

"काहून नाही?"

"मधली घेणार नाही. मीही घेणार नाही."

फोन फिरवला. घंटी वाजत राहिली. ठेवला, परत फिरवला. साहेब घड्याळाकडे पाहत होते, घनश्याम माझ्याकडे. बोट डायलमध्ये घसरत होतं, पदराला पुसून पुन्हा फिरवत होते.

खट्!

"हॅलो, कारधा?" मी ओरडलेच. "भाऊ, आकडा सांगा!"

मागे नुसता पाण्याचा आवाज.

"नाही, मॅडम."

"नाही म्हणजे?"

"पट्टी दिसून नाही राहिली. चौकीच्या टेबलावर उभा राहून बोलून राहिलो."