पाणी न पिता सोलापूर

मैंदर्गीहून सकाळची यष्टी सुटली तेव्हा अप्पांच्या मांडीवर भाकरीचं गाठोडं होतं आणि माझ्याकडे पाण्याची बाटली. ती त्यांनी रस्ताभर उघडू दिली नाही. "नीरू बेडा (पाणी नको)," कानडीत म्हणाले. आमच्याकडची जुनी माणसं प्रवासाला निघाली की आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात. मध्येच उतरायची वेळ येऊ नये म्हणून.

अप्पांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या होत्या, ऑपरेशन नाहीतर रेडिएशन. "गुण दोन्हीचा सारखाच. नंतर होणारा त्रास वेगवेगळा. तुम्हीच ठरवा." मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, बी.एस्सी. मिळेल ते सगळं वाचून काढलं आणि रेडिएशन ठरवून टाकलं. कारण अप्पा महादेवाचे पुजारी. ऑपरेशननंतर काही महिने लघवी गळते. गाभाऱ्यात थेंब पडला तर? मरणापेक्षा त्यांना त्याचीच धास्ती होती.

सोलापुरात उतरल्या उतरल्या अप्पा स्टँडवरच्या मुतारीत जाऊन आले. दवाखान्यात सोनोग्राफीवाल्या बाई यंत्र फिरवून वैतागल्या. "आजोबा, पिशवी पार कोरडी आहे! ती भरलेली लागते. बाहेर बसा आणि पाणी प्या."

एवढं वाचलेली मी, आणि नेमकं हेच विसरले होते.

बाहेर बाकावर दोघं बसले होते. चादरीच्या मागावर काम करणारे मल्लेशम आणि नातेपुत्याचे एक निवृत्त गुरुजी. अप्पांनी गाठोडं सोडलं. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, वर तांब्याने पाणी. चटणी तिखट होती, पाणी आपोआप जात होतं.

"ऑपरेशन केलो मी, अण्णा," मल्लेशम म्हणाले. "पयले चार महिने डायपर. आता जोरात हसलो की एखादा थेंब जातो. म्हणून हसायचं सोडू काय?"

"माझं रेडिएशन," गुरुजी म्हणाले. "गळत नाही. पण लागली की दम निघत नाही. कित्येक आठवडे रोज यायचं. जुळे सोलापुरात भाचीकडे राहिलो, तरी दोनदा रिक्षा थांबवून आडोसा शोधावा लागला. शाळेत पोरांना लघवीची सुट्टी देत नव्हतो, त्याची ही शिक्षा!"

अप्पा हसले. मग आवाज उतरला. "आन... घरात? बायकोसंगं?" एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्याचंही उत्तर मी वाचलं होतं, तोंडावर आलंही होतं. पण मी उठले. "चहा आणते."

चहा हातात घेऊन मी कँटीनच्या दाराशीच उभी राहिले. त्यावर साय धरली. लांबून दिसत होतं, आधी गुरुजी बोलले, मग मल्लेशम. अप्पांनी मान खाली घातली. बऱ्याच वेळाने काहीतरी विचारलं, आणि तिघांनाही हसू आलं.

सोनोग्राफी झाली. डॉक्टरांपुढे अप्पा म्हणाले, "ऑपरेशन करा."

मी चाट पडले. "अप्पा, आणि पूजा?"

"चार म्हयने माजा धाकला भाऊ करंल की. देव थांबतोय, पोरी. रोज येताना लागली तर यष्टी थांबत न्हाय."

डॉक्टर हसले. अप्पा हसले नाहीत. बाराव्या वर्षापासून त्यांची पूजेची एक सकाळ चुकलेली नाही.

परतीच्या यष्टीत त्यांनी स्वतःहून बाटली मागितली. अक्कलकोट येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "चार म्हयने म्हंत्यात. जास्तीबी लागतील. लागू देत." बाटलीचं झाकण लावत, "तुज्या आईला काय सांगायचं ते मी सांगतो. तू मधी पडू नगंस."

घरी आई दारातच उभी होती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं. दवाखान्यातलं सगळं मीच सांगते ना. मी चपला काढत राहिले. अप्पांनी पाय धुतले, "आत ये गं," म्हणाले आणि दार लोटून घेतलं.

मी कट्ट्यावर बसले. पदवी हातात आली त्या दिवशी वाटलं होतं, आता या घराला सगळं मीच समजावून सांगणार. आत अप्पा हळू आवाजात बोलत होते. थोड्या वेळाने आईचा आवाज आला, "एवडंच व्हय? आन त्याच धास्तीनं जाताना पाणी पेला न्हाईसा?"