तळघरातला चहा

इंग्लंडमध्ये मुलीकडे गेलो होतो, तेव्हा ती आम्हाला एका उमरावाची जुनी हवेली दाखवायला घेऊन गेली. वरच्या भोजनगृहात लांबलचक टेबल, चांदीची ताटं आणि सगळ्याभोवती दोरी. तिथं कुणालाच बसता येत नाही. चहा मिळतो तो तळघरात, नोकरांच्या जुन्या स्वयंपाकघरात.

तिथं मात्र काय छान वाटलं! चुलीची ऊब होती, घासून घासून गुळगुळीत झालेलं टेबल होतं. शेजारी बसलेल्या म्हातारबाईंनी आपणहून सांगितलं, की त्यांची आजी इथंच कामाला होती. भिंतीवर पितळी घंटांची रांग दाखवून म्हणाल्या, "वर मालकांनी घंटेची दोरी ओढली, की इथं घंटा वाजायची आणि आजी जिना चढत पळायची."

मला गंमत वाटली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या खोलीत कुणाला धड टेकायला मिळालं नाही, तिथं आज सगळे पाय पसरून बसलेत; आणि वरच्या मखमली खुर्च्या रिकाम्या.

एवढ्यात एक घंटा खणखणली. वर गाइडनं पर्यटकांना दाखवायला घंटेची दोरी ओढली असावी. कुणी ढिम्म हललं नाही. फक्त माझी बायको हातातला कप खाली ठेवून अर्धवट उठली. आमच्याकडे बेल वाजली की दार तीच उघडते.

म्हातारबाईंनी हसत तिचा हात धरला आणि काहीतरी म्हणाल्या. मुलीनं ते मराठीत सांगितलं, "आई, बस. त्या म्हणतायत, त्यांची आजी आपल्या सगळ्यांच्या वाट्याचं कधीच उठून गेलीय."