कालवं, शेवग्याचं मूळ आणि भिंतीवरचा नियम

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. आमच्या स्टोअरच्या वरच्या फळीवर लोणच्याच्या रिकाम्या बरण्या साठल्यात, तसे ते साठतात. प्रत्येक बरणी कधीतरी लागेल म्हणून ठेवलेली असते आणि एक दिवस फळीच वाकते. माझी फळी आता वाकली आहे, म्हणून चार-सहा बरण्या खाली काढतो.

मी धाराशिवात हॉटेल मॅनेजमेंटच्या एका कॉलेजात स्वयंपाक शिकवतो. कॉलेज लहान, किचन एक, शेगड्या आठ. सिलेबस मात्र कुणीतरी समुद्राकाठी बसून लिहिलेला. तिसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला त्यात एक पदार्थ आहे: भाजलेली कालवं, हॉर्सरॅडिश सॉससोबत. कालवं म्हणजे खडकाला चिकटून राहणारे शिंपले, त्यांच्या आतला जीव खायचा. हॉर्सरॅडिश म्हणजे परदेशातलं एक झणझणीत मूळ, किसलं की थेट नाकात जातं. दोन्हींतलं एकही आमच्या जिल्ह्यात मिळत नाही. समुद्र बघायचा तर दिवसभर एसटीत बसावं लागतं. हा पदार्थ मी गेली अकरा वर्षं शिकवतोय.

*

पहिली काही वर्षं कालवं नव्हतीच. पण शिंपला उघडायचा कसा, हे हाताला कळायला पाहिजे. आमचे स्टोअरकीपर शब्बीरभाई धरणावरच्या मासेमारांकडून गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांची रिकामी टरफलं घेऊन आले. दोन टरफलांमध्ये मी मश्रूमचा तुकडा ठेवायचो, कडेला कणीक लावून चिकटवायचो आणि उन्हात वाळवायचो. पोरं बोथट सुरीनं ते उघडायची. छान हात बसला सगळ्यांचा.

त्यातला एकजण गोव्याला एका मोठ्या हॉटेलात मुलाखतीला गेला. तिथल्या शेफनं विचारलं, "कालव उघडताना सगळ्यात आधी काय करायचं?"

आमचा गडी ताठ बसून म्हणाला, "सर, आधी कणीक खरवडायची."

घेतलं त्यांनी त्याला. बेकरीत.

*

हॉर्सरॅडिशसाठी शब्बीरभाई चिठ्ठी घेऊन आधी आमच्या मंडईत फिरले, मग सोलापूरला जाऊन आले. एका दुकानात एक बाटली मिळाली, ती मुदत संपून पिवळी पडलेली. तेव्हा मला माझ्या गुरुजींनी सांगितलेली गोष्ट आठवली. इंग्रजांच्या काळात साहेबांचे खानसामे हॉर्सरॅडिशऐवजी शेवग्याचं मूळ वापरायचे. वरची साल नीट काढून टाकायची, आतलं पांढरं तेवढं किसायचं, आणि बेतानंच घालायचं. वास अगदी तोच.

मी शब्बीरभाईंना म्हणालो, "कोवळ्या झाडाचं थोडं मूळ बघा." त्यांनी लांब कशाला जायचं म्हणून कॉलेजच्या मागचाच शेवगा खणला. तो शेवगा प्राचार्यांचा लाडका होता, त्याच्या शेंगा त्यांच्या घरी जायच्या. आठ शेगड्यांना पुरेल एवढं मूळ निघालं. त्याच आठवड्यात वारं सुटलं आणि झाड आडवं झालं.

प्राचार्यांनी सगळ्यांना व्हरांड्यात उभं केलं. "शेवगा कुणी पाडला?"

शब्बीरभाई एक पाऊल पुढं आले. "सर, झाड सिलेबस में था."

आता आम्ही कुंपणाला आठ-दहा शेवगे लावलेत, ते फक्त मुळांसाठी. प्राचार्यांचा दुसरा शेवगा त्यांच्या खिडकीसमोर आहे.

*

सॉस जमला की तो नुसत्या कालवांपुरता कशाला ठेवायचा? मी पोरांकडून मूळ घालून बटाट्याचा लगदा करून घेतला, बिटाची कोशिंबीर करून घेतली, दह्यातली चटणी करून घेतली. कॉलेजच्या कँटीनला दुपारी ते ठेवायला लागलो. पहिल्या आठवड्यात कुणी हात लावला नाही. दुसऱ्या आठवड्यात कोर्टातले एक वकील येऊन दह्यातली चटणी खाऊन गेले. दुसऱ्या दिवशी आणखी तिघांना घेऊन आले. चौथ्या दिवशी चटणी संपली.

माझी छाती फुगली. लोकांना नवीन चव कळते, फक्त धीर धरावा लागतो, असं मी वर्गात सांगितलंसुद्धा. मग एक बाई रुमाल नाकाला लावून काउंटरवर आल्या आणि मला विचारलं, "ते सर्दीचं औषध हितंच मिळतं का? जेवायच्या आदी घ्यायचं का जेवल्यावर?"

*

आता शिवलीलाची ओळख करून देतो, कारण पुढचं तिच्याभोवतीच आहे.

शिवलीला अणदूरची. घरात पिढ्यान्‌पिढ्या मांसमच्छी नाही, अंडंसुद्धा नाही. गावात खंडोबाचं देऊळ आहे. दर रविवारी त्यांच्या घरचा नैवेद्य तिथं जातो, म्हणून रविवारच्या जादा प्रॅक्टिकलला ती कधी यायची नाही. बाकी दिवस सगळ्यांच्या आधी हजर. तिला बेकरी नको होती, केक नको होते. तिला शेगडीपुढं उभं राहायचं होतं. आणि ज्याला कणकेचं उत्तर मिळालं होतं तो गोव्याचा शेफ त्या वर्षी आमच्याकडं परीक्षक म्हणून येणार होता. कालवांच्या पेपरला जो उजवा ठरेल त्याला हॉटेलच्या मुख्य किचनमध्ये घेणार, असं त्यानं आधीच कळवलं होतं. शिवलीलानं ते पत्र नोटीस बोर्डावरून वहीत उतरवून घेतलं.

तिचे वडील मल्लिनाथअण्णा एकदा अणदूरहून न सांगता आले. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. नेमकी त्या दिवशी पंखा चालू ठेवून सोळा पोरं शेवग्याचं मूळ किसत होती. सगळ्यांच्या डोळ्यांतून धारा, नाकं लाल. मीसुद्धा फळ्यापाशी डोळे पुसत होतो. अण्णा दारात थांबले. त्यांनी टोपी काढली, मान खाली घातली, थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग हळूच विचारलं, "कोण गेलं, सर?"

मी त्यांना आत बसवलं, कालवं काय असतात ते सांगितलं. त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली. शिवलीला कोपऱ्यात ओढणीचं टोक पिळत उभी होती. मला वाटलं, आता हिला घेऊन जातात.

"शिजवू द्या," अण्णा म्हणाले. "हात धुता येत्यात. पर तोंडात घालायचं न्हाय. येवढी एकच अट."

मी भिंतीकडं बोट केलं. तिथं लाल रंगात माझा नियम लिहिलेला आहे: चाखल्याशिवाय ताट बाहेर जाणार नाही. हा नियम मी पहिल्या वर्षापासून पाळत आलोय आणि त्यावरून पोरांना नापासही केलंय.

अण्णांनी एकेक अक्षर वाचलं. "चांगलं हाय," ते म्हणाले. "आमची पोरगी सोडून लिवा."

जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून लाडानं "येतो यव्वा," येतो बाई, म्हणाले. पिशवीतली भुईमुगाची शेंग मात्र सगळ्या वर्गाला वाटून गेले.

*

खरी कालवं आली ती आमच्या बेकरीवाल्या पोरामुळं. त्यानं गोव्याहून बर्फ घालून थर्माकोलचं खोकं बसनं पाठवलं. मी आणि शब्बीरभाई स्टँडवर घ्यायला गेलो. पार्सलवाल्याला खोक्याच्या वजनाची शंका आली. त्यानं झाकण उघडलं, एक कालव हातात घेऊन उलटंसुलटं केलं, बाजूच्या कंडक्टरला दाखवलं.

"गोव्याहून धोंडे मागवले व्हय?" तो म्हणाला. "हितं कमी पडले का?"

कॉलेजच्या अंगणात कोळशावर जाळी ठेवून आम्ही ती भाजली. गरम झाली की कालवं एकेक करून तोंड उघडतात, आतलं खारट पाणी निखाऱ्यावर उडतं. पहिलं उघडल्याबरोबर पोरं चार पावलं मागं सरली. शब्बीरभाई सरले नाहीत. माणूस पंचावन्न वर्षांचा, जन्म सगळा धाराशिवात गेलेला, समुद्र कधी बघितला नाही. त्यांनी पहिलं कालव फुंकर मारून तोंडात टाकलं आणि डोळे मिटून घेतले.

आम्ही वाट बघत होतो. ते म्हणाले, "अच्छा. तो ऐसा होता समुंदर."

मीही एक उचललं.

*

या पदार्थात खरी मेख मिठाची. कालव भाजताना जे पाणी सुटतं ते सॉसमध्ये घालायचं असतं, आणि ते पाणी मुळातच खारट. किती खारट, ते दर खोक्याला वेगळं. म्हणून वरून मीठ किती घालायचं, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही.

तामलवाडीचा दत्ता वर्गात सगळ्यांत हुशार. त्यानं माझा नियम मनावर घेतला आणि सॉस अकरा वेळा चाखला. शेवग्याच्या मुळानं चौथ्या चमच्यालाच जीभ बधिर होते, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. दर वेळी त्याला वाटायचं, कमी आहे. त्याचं ताट खाऊन मी दोन तांबे पाणी प्यालो.

"दत्ता, हे काय केलंस?"

"सर, तुमचाच नियम हाय."

मग मी शिवलीलाचं ताट खाल्लं. मीठ बरोबर होतं. पुढच्या खोक्याला पुन्हा बघितलं, पुन्हा बरोबर. मी विचारलं, "चाखत नाहीस तर कळतं कसं?"

तिनं एक भाजलेला शिंपला पुढं केला. "कडंला पाणी आटलंय बघा, सर. पांढरी रेघ हाय. जाड असली तर वरून मीठ घालायचंच न्हाय. बारीक असली तर चिमूट."

मी रेघ बघितली. इतकी खोकी भाजली, मला ती कधी दिसली नव्हती. पण नियम तो नियम. मी तिला साफ सांगितलं, की परीक्षक विचारणारच, आणि न चाखता ताट पुढं केलं तर त्यांच्या हॉटेलात तुला कुणी उभं करणार नाही. एक चमचा जिभेला लावून थुंकून टाक, अण्णांना कोण सांगायला जातंय?

"मला म्हायत असंल ना, सर," ती म्हणाली.

मला माझीच लाज वाटली आणि थोडा रागही आला.

*

परीक्षेच्या दिवशी मल्लिनाथअण्णा सकाळच्या एसटीनं आले आणि बाहेर कडुनिंबाखालच्या बाकावर बसून राहिले. आत शेफ प्रत्येक टेबलापाशी जात होते. धिप्पाड माणूस, बोलणं कमी. एका ताटात सहा कालवं. ते एक खायचे, कागदावर आकडा लिहायचे आणि पुढं सरकायचे. दत्तानं या वेळी भीतीनं मीठच घातलं नव्हतं. शेफ म्हणाले, "बरं आहे." दत्ता पास झाला.

शिवलीलाच्या ताटातलं एक त्यांनी खाल्लं आणि लिहिलं नाही. दुसरं खाल्लं. मग मान वर करून भिंतीवरचा नियम वाचला.

"किती वेळा चाखलंस?"

मी टेबलाच्या पलीकडं उभा होतो. दोनदा म्हण, तीनदा म्हण, असं मनातल्या मनात म्हणत होतो. तो नियम मीच लिहिला होता, आणि त्या क्षणी मला तो खरवडून काढावासा वाटला.

"एकदाबी न्हाय, सर," शिवलीला म्हणाली.

"वाचता येतं ना?"

"येतं."

"मग?"

तिचा आवाज बारीक झाला, पण थांबला नाही. "आमच्या घरचा नैवेद्य खंडोबाला जातो, सर. नैवेद्य कुणी चाखत न्हाय. आदी देवानं खायचं. माझी आई आजवर मीठ बघून घालती, वास घेऊन घालती. जिभेला लावत न्हाय. मला तसंच येतं."

शेफनी ताटाकडं बघितलं. तिसरं खाल्लं. चौथं खाल्लं. पाचवं खाल्लं. सहावं त्यांनी शिंपल्यासकट उचललं आणि माझ्या हातात दिलं.

"घ्या, सर. प्रसाद."

मी खाल्लं. मग त्यांनी कागदावर आकडा लिहिला, कागद उलटा ठेवला आणि विचारलं, "घरचं कुणी आलंय का?"

मी त्यांना कडुनिंबापाशी घेऊन गेलो. शिवलीला मागं उभी राहिली. शेफनी सांगितलं, की मुलीला गोव्याला मुख्य किचनमध्ये घेतोय, राहायची सोय हॉटेलची, पुढच्या महिन्यात यायचं. अण्णा उठून उभे राहिले. टोपी सारखी केली. एकदा पोरीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि घसा साफ केला.

"सायेब, पाठवतो. पर माझी एक अट हाय."

"बोला."

"पोरगी रांधंल, वाढंल, काय सांगाल ते करंल. पर तितलं काय तोंडात घालायची न्हाय."

शेफनी अण्णांचा हात हातात घेतला.

"माझीही तीच अट आहे," ते म्हणाले.