गिरजाबाईच्या सांगण्यावरून

खारशिवट्याची शाळा बांधाच्या कुशीत आहे. उधाणाच्या भरतीला धरमतरच्या खाडीचं पाणी शाळेच्या जोत्याहून उंच उभं राहतं. मधे मातीचा बांध आहे म्हणून पोरं कोरडी बसून पाढे म्हणतात. पाचवीपर्यंतचे वर्ग, शिकवायला एकच बाई, निशिगंधा मॅडम, आणि मागच्या पडवीत पोषण आहाराची खिचडी शिजवणारी गिरजाबाई.

गिरजाबाईने या शाळेत सोळा वर्षं पोरांना वाढलं. नवऱ्यामागे एकटी राहणारी, काळी, उंच, थोडं ओठांतल्या ओठांत बोलणारी बाई. अक्षरओळख नाही. पण वाढणाऱ्या हाताला जे कळतं ते फळ्यापाशी उभं राहून कळत नाही. कोण दुसऱ्यांदा ताट पुढे करताना लाजतो, कोण अर्धी उसळ डब्यात भरून धाकट्या भावासाठी नेतो, कुणाच्या घरी काल भांडण झालं, हे तिला डाव उचलता उचलता समजायचं. पोरं तिला काकी म्हणत आणि तिच्यापाशी घरचं सगळं बोलत.

शाळेत मार्कांची जुनी पद्धत जाऊन बरीच वर्षं झाली. आता पोराला वर्षभर बघायचं असतं. ते कसं बोलतं, कसं ऐकतं, कुणाशी खेळतं, त्याला काय आवडतं, कुठे अडतं, हे सगळं नोंदवहीत वाक्यं करून लिहायचं. विचार चांगला आहे. आमच्याकडे बैल घेतानासुद्धा माणूस चार दिवस त्याच्या मागे फिरतो, मग लेकराला दोन तासांच्या पेपरात कसं ओळखणार? पण बघायला वेळ लागतो, आणि निशिगंधा मॅडमना सगळं काही दिलं होतं, तेवढा वेळ दिला नव्हता. पाच वर्ग त्या एकट्या ओढायच्या. त्यात मतदारयाद्या, सर्वेक्षणं, रोज मोबाइलवर भरायची माहिती. पेणहून रोज येऊन जाऊन करत.

म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. दिवाळीच्या सुट्टीआधी आणि एप्रिलमध्ये, जेवणं उरकली की त्या नोंदवही घेऊन मागच्या पायरीवर बसत. गिरजाबाई टोप घासत असे. मॅडम एकेक नाव घेत आणि विचारत, मावशी, हा कसा आहे? गिरजाबाई सांगे, आणि मॅडम नोंदींच्या छापील पुस्तकातून त्याला जुळणारं वाक्य शोधून उतरवून घेत.

"निकेश? त्याला पान्यातलं समदं कळतं. बीळ बघून सांगंल आत चिंबोरी हाय का साप."

मॅडम लिहीत, परिसराविषयी जिज्ञासा आहे.

"आणि ही माहिरा?"

"बोलायला लागली का गप बसत नाय. हिची आजी, नूरमहंमदची आई, पन अशीच होती. मेली तवा घर शांत झालं."

मॅडम हसत आणि लिहीत, आत्मविश्वासाने बोलते.

नोंदवहीत शेवटी एक रकाना असतो, मुलाला कुठे अडचण आहे ते लिहायचा. गिरजाबाईच्या सांगण्यात तो रकाना कधी भरला नाही. पोराबद्दल वाईट असं ती काही सांगतच नसे. मॅडमना वाटे, मावशीचा जीव मोठा. जीव मोठा होताच, पण कारण वेगळं होतं.

गिरजाबाई मिठागरावर वाढली. तिच्या लहानपणी मुकादमाकडे एक वही असे. हंगाम संपला की तो कामकऱ्यांच्या नावापुढे खूण करी, आणि ज्याच्यापुढे फुली, त्याला पुढच्या साली बोलावणं नसे. तिच्या बापाला एका साली ताप आला आणि मीठ ओढताना त्याचे हात थरथरले. सोबतच्या एकाने ते मुकादमाला भोळेपणाने सांगितलं. फुली बसली. नंतर हात बरे झाले, पण फुली तशीच राहिली. पुढे जिथे गेला तिथे त्याच्याआधी ती वही पोचलेली असायची. तेव्हापासून त्या घरात एक नियम झाला. माणसाचं उणं तोंडाने बोला, भांडा, शिव्या द्या, पण ते कुणाच्या कागदावर चढू देऊ नका.

हा नियम तिने शाळेत आणला आणि सगळ्या पोरांवर पांघरला. तो चुकीचा आहे असं तिला सांगणारं कुणी भेटलं नाही, कारण तिने तो कुणाला सांगितलाच नव्हता.

टाळेबंदी उठून शाळा पुन्हा भरली, त्या वर्षी हरेशची पूजा दुसरीत आली. हरेश जेट्टीवर कंत्राटी कामाला, शिफ्ट लागेल तसा घरी. पूजा सडपातळ, मोठ्या डोळ्यांची. बांधाच्या उघाडीखाली, जिथून शेतातलं पाणी ओहोटीला खाडीत सोडतात, तिथल्या डबक्यात पोरं डुंबतात. तीही डुंबायची. त्या पावसाळ्यात ताट घ्यायला ती वाकली आणि गिरजाबाईला वास आला. कान वाहत होता. गिरजाबाईने पदराने पुसला, दुसऱ्या दिवशी लसूण घालून कढवलेलं तेल वाटीतून आणलं आणि दोन थेंब सोडले.

संध्याकाळी ती नम्रताला, पूजाच्या आईला, भेटली. नम्रताला ठाऊक होतं. मेडिकलमधून ड्रॉप आणले होते. ती दाराआड उभी राहून हळू आवाजात बोलली.

"काकी, शाळेत नको सांगू गो. हिची आत्या भयरी, तशीच बिनलग्नाची ऱ्हायली घरात. आता हिचं लिवलं तर लोक म्हनतील, घरान्यातच हाय. सासू मना जगू देणार नाय."

"माझ्याकडून नाय जायचं," गिरजाबाई म्हणाली. असं वचन देणं तिला सोपं होतं.

उन्हाळ्यात कान सुकला. पावसाळ्यात पुन्हा वाहिला, मग दुसराही वाहू लागला. तेल चालूच होतं. तिसरीत पूजा मागून हाक मारली तर वळायची नाही. गिरजाबाई तिच्या खांद्याला हात लावून तिला बोलवू लागली. ही सवय हाताला कधी लागली ते तिला सांगता आलं नसतं. चौथीत वर्गातली सगळी पोरं तसंच करू लागली. कुणी काही बोललं नाही. पूजा फळ्यावरचं सुंदर अक्षरात उतरवायची, शेजारणीच्या वहीत बघून गणितं मांडायची, आणि कुणी बोलू लागलं की त्याच्या चेहऱ्यावरची नजर काढायची नाही.

"पूजा कशी आहे, मावशी?"

"शांत पोर. कुनाच्या अध्यात नाय का मध्यात नाय. बोलनाऱ्याच्या तोंडाकडं बघून ऐकते."

हे खरं होतं. गिरजाबाई पोरांविषयी खोटं कधी बोलली नाही, फक्त अर्ध्यावर थांबली. मॅडमनी छापील पुस्तकात बोट फिरवलं आणि लिहिलं, सूचना लक्षपूर्वक ऐकते. दुसरीपासून पाचवीच्या दिवाळीपर्यंत ते वाक्य सात वेळा लिहिलं गेलं.

त्या दिवाळीनंतर मॅडमची बदली रोह्याकडे, कोलाडच्या पलीकडच्या एका शाळेवर झाली. त्यांच्या जागी सुशील सर आले. तरुण, थोडे तुसडे, चालत चालत शिकवण्याची सवय. पाचवीला आता वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे, आणि त्यात नापास करता येतं. एप्रिलमध्ये तोंडी परीक्षेला सर ओळींमधून फिरत प्रश्न विचारत होते. पूजाच्या मागे उभे राहून त्यांनी तिला तीनदा प्रश्न विचारला. ती समोरच्या भिंतीकडे बघत बसली. सरांना वाटलं, पोरगी हट्टी आहे. ते चिडून पुढे आले, तशी तिने त्यांच्या ओठांकडे पाहिलं आणि बरोबर उत्तर दिलं.

सर थांबले. त्यांनी तिला खाली बघायला खुणावलं, मागे गेले आणि तिच्या डोक्यामागे जोरात टाळी वाजवली. सगळा वर्ग दचकला. पूजा खाली बघत राहिली.

"सर, तिला हात लावाया लागतो," निकेशने समजावून सांगितलं.

पेणच्या कानाच्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. दोन्ही पडद्यांना भोकं. डाव्या कानातली हाडं आतून सडलेली, तो कान परत यायचा नाही. उजव्यात थोडं आहे, ते टिकवायला ऑपरेशन आणि नंतर यंत्र. दोन-तीन वर्षांपूर्वी आणली असती तर औषधावर भागलं असतं, असं ते म्हणाले आणि हरेशकडे न बघता कागद लिहू लागले. घरी येताना वडखळच्या नाक्यावर हरेश गाडीतून उतरला आणि चालत निघून गेला. नम्रता पोरीला घेऊन एकटी घरी आली.

परीक्षेत पूजा दोन विषयांत नापास झाली. जूनच्या फेरपरीक्षेच्या वेळी ती दवाखान्यात होती. वर्गातली पोरं वडखळच्या हायस्कुलात गेली, ती पाचवीतच राहिली.

सुशील सरांनी यंत्रासाठी आणि पुढच्या सवलतींसाठी तिचं नाव दिव्यांग मुलांच्या यादीत पाठवलं. वरून कागद परत आला. ज्या मुलीविषयी सात नोंदींमध्ये सूचना लक्षपूर्वक ऐकते असं आहे, तिला ऐकू येत नाही हे शाळेला कधी कळलं, आणि आधी का कळवलं नाही, याचा लेखी खुलासा जोडा, तोवर नाव धरता येत नाही. सरांनी निशिगंधा मॅडमना फोन लावला. मॅडम आधी रागावल्या, मग रडल्या. म्हणाल्या, मला जे सांगितलं तेच मी लिहिलं. मी पाच वर्ग एकटीने ओढले, मला कुणी विचारलं का, मी कशी आहे?

दुसऱ्या दिवशी शाळेत गिरजाबाईला बोलावलं. हरेश आणि नम्रता आधीच येऊन बसले होते. व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष गुणाजीही होते. सरांनी विचारलं, मावशी, तुम्हाला माहीत होतं?

तिने नम्रताकडे पाहिलं. नम्रताची मान खाली होती, पायाच्या अंगठ्याने ती फरशी उकरत होती. तिने काय लपवलं ते हरेशला ठाऊक नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. गिरजाबाईने एक शब्द पुढे ढकलला असता तर ओझं अर्धं झालं असतं, आणि त्या घरात त्या दिवसापासून चूल पेटणं मुश्कील झालं असतं.

"व्हय," ती म्हणाली. "मना ठावं हुतं. दुसरीपासनं."

"काकी," हरेश म्हणाला, "तू तिला रोज हातानं वाढलंस."

"व्हय."

"मग का नाय सांगितलंस?"

तिला बापाची गोष्ट सांगता आली असती. पण पूजाचं जे झालं त्यापुढे ती सांगण्यासारखी वाटली नसावी. ती फक्त म्हणाली, "मना वाटलं, न लिवल्यानं ती वाचंल."

हरेश उठून बाहेर गेला. सरांनी खुलासा लिहिला आणि वाचून दाखवला. स्वयंपाकी मदतनीस गिरजाबाई यांस मुलीच्या कानाचा आजार माहीत असूनही त्यांनी तो शिक्षिकेपासून लपवला. आपल्या हाताने तिने त्याखाली अंगठा उठवला. नम्रताने तेव्हा तोंड उघडलं होतं, काही बोलणार होती. गिरजाबाईने तिच्याकडे असं पाहिलं की ते तोंड पुन्हा मिटलं.

आठ दिवसांत समितीची सभा झाली. गुणाजी म्हणाले, आज या पोरीचे कान, उद्या आणखी काय बाहेर येईल, शाळेला जबाबदार बाई पाहिजे. कुणी विरोध केला नाही. ज्यांच्या पोरांना तिने सोळा वर्षं वाढलं, तेही गप्प बसले. काहींना तर मनातून भीती वाटत होती की हिला आपल्या घरातलं काय काय ठाऊक असेल. स्वयंपाकाचं काम दुसरीकडे गेलं. गिरजाबाई वडखळच्या रस्त्यावरच्या एका खानावळीत मासे साफ करायला जाऊ लागली.

पूजाचं नाव यादीत लागलं. उजव्या कानाचं ऑपरेशन झालं. यंत्र अजून यायचं आहे.

दिवाळीपूर्वी नोंदींचे दिवस आले. सुशील सर एका रविवारी नोंदवही घेऊन गिरजाबाईच्या दारात उभे राहिले. आपण जवळजवळ वर्षभर पाहतोय पण अजून निम्मी पोरं आपल्याला कळलेली नाहीत, असं त्यांनी कबूल केलं. तिने त्यांना बसायला पाट दिला आणि ती सांगू लागली. कोण सकाळी उपाशी येतो. कुणाला बाप दारू पिऊन मारतो आणि वळ लपवायला तो पोरगा उन्हातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो. कुणाला फळा धूसर दिसतो. कोणती मुलगी दुपारनंतर मुतारीला जायला घाबरते, आणि कुणामुळे. सर लिहीत राहिले. छापील पुस्तकात असली वाक्यं नव्हती. शेवटचा रकाना भरला, मग त्यांनी समासात लिहिलं. लिहिताना त्यांचा हात मधेच थांबायचा, तेव्हा ती थांबायची, आणि मग पुढे सांगायची.

शेवटी त्यांनी विचारलं, "आणि पूजा?"

"तिचं मना आता ठावं नाय, गुर्जी. ती माझ्याकडं येत नाय." गिरजाबाईने हाताला चिकटलेले खवले काढले. "तिला इचारा. समोर बसून इचारा, सांगंल."

सर उठले. पूजाच्या नावापुढे त्यांनी तेव्हा काही लिहिलं नाही.